गवळ्याच्या वहीतली तालीम

आमच्या तालमीच्या दारावर १९०५ असा आकडा आहे. पांढऱ्या ऑइलपेंटनं, मारुतीच्या शेपटाखाली. लहानपणापासून बघत आलो, पण त्या आकड्याचा पुरावा मागावा असं कधी मनातही आलं नव्हतं. दार इतकं ठेंगणं आहे की आत जाताना वाकावंच लागतं. वाकलेला माणूस आकडे कशाला वाचतोय?

२०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानालाही झळ बसली. अख्खं कोल्हापूर त्या रात्री रस्त्यावर उभं होतं. त्यानंतरच्या बैठकीत आमचे अध्यक्ष म्हणाले, "आपल्याकडंबी काय हाय-न्हाय ते छापून ठेवू या. स्मरणिका काढू." जाहिराती कोण गोळा करणार यावर तासभर वाद झाला. इतिहासाचं पान कुणी लिहायचं, हा विषय मात्र अर्ध्या मिनिटात संपला. "ह्यांच्याकडं द्या, पतसंस्थेत कागदंच सांभाळत्यात." मी हिशेबनीस आहे. माझा जन्म ताळा जुळवण्यात गेला. म्हटलं, दोन रविवारचं काम आहे. लागले चौदा महिने.

पहिला रविवार तालमीच्या ट्रंकेत गेला. २०१९ च्या पुरात आमच्या पेठेत छातीएवढं पाणी होतं आणि ती ट्रंक चार दिवस पाण्याखाली होती. वह्यांचा लगदा झाला होता. हाताला लागलं ते एवढंच: धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा दाखला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला म्हणून वाचलेला. तारीख १९५४. मला घाम फुटला. दारावर १९०५, कागदावर १९५४. मग लक्षात आलं की सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदाच १९५० चा. त्याआधी तालीम काढायला कुणाच्या सही-शिक्क्याची गरज नव्हती. कोल्हापुरातल्या कितीतरी तालमींची कागदोपत्री जन्मतारीख पन्नाशीच्या दशकातलीच निघेल. हौद, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, मात्र आजोबाच्या वयाचा.

सिटी सर्व्हेतनं प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढला. त्यावरची सर्वांत जुनी नोंद १९३६ ची, आणि समोर फक्त 'तालीम'. आता तीन तारखा झाल्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. हिशेबात असं झालं की आम्ही म्हणतो, फरक ज्या पानावर दिसतो त्या पानावर तो कधीच नसतो. मागं जायचं.

मागं म्हणजे म्हाताऱ्या पैलवानांकडं. आमच्या पेठेत नव्वदीचे एक तात्या आहेत. कान मोडून भज्यासारखे झालेले, गुडघे गेलेले, पण हात धरला तर अजून सोडवता येत नाही. त्यांना विचारलं, तालीम कधीची?

"म्या जल्मायच्या आदीपास्नं हाय."

"किती आधी?"

"आता त्ये मारुतीला इचार. त्योबी मागनं आलाय म्हनं. आदी नुसता हौद हुता."

तात्यांकडं मी सहा-सात वेळा गेलो. दर वेळी तारीख विचारायची आणि तात्यांनी डाव सांगायचा. पट कसा काढायचा, ढाक मारताना पाय कुठं ठेवायचा, घिस्सा ओढताना समोरच्याचा श्वास कसा ऐकायचा. एकदा तर खाटेवर बसूनच त्यांनी माझ्या मनगटाला अशी काही मोळी घातली की आठ दिवस पतसंस्थेत डाव्या हातानं सह्या केल्या. तारखेचा प्रश्न त्यांना खरोखर कळतच नव्हता. तालीम त्यांना इमारत वाटत नव्हती. तिचं वय काय विचारणं म्हणजे व्यायामाचं वय विचारण्यासारखं.

शब्द बघा ना. तालीम हा अरबीतनं आलेला शब्द, अर्थ शिकवण. उस्तादाचा आम्ही वस्ताद केला, पहलवानाचा पैलवान. फरीगदका म्हणजे ढाल-काठीचा खेळ, त्याच्या हातांनाही नावं आहेत: तमाचा, बाहेरा, शिर, कडक. म्हणजे ही शाळाच, फक्त हजेरीपट नसलेली. कुणी, कुठनं, कधी शिकवायला आलं ते शब्दांत राहिलं, कागदावर राहिलं नाही. आमच्या तालमीत ज्या भिंतीला मारुती आहे तिलाच मोहरमात पंजा बसतो, आणि शहरात काळा इमाम नावाची तालीम आहे, बाबूजमालच्या पंजाला सगळी पेठ खांदा देते. बाहेरच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला त्यांच्या नवलाचं.

बाहेरच्यांचा अजून एक घोळ होतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं तालमींची आहेत हे त्यांना पटत नाही, कारण वर्तमानपत्रात ती फुटबॉलच्या पानावर असतात. हौद ओस पडले तशी पोरं मैदानात गेली आणि जाताना तालमीचं नाव जर्सीवर घेऊन गेली. पुण्याचा माझा एक मेहुणा अजून मला विचारतो, "तुमच्या तालमीचा गोलकीपर कोण?" आमची टीम नाही. असती तर निदान वर्गणी तरी नीट जमली असती.

तात्यांकडनं एक गोष्ट मिळाली, तीही आडवाटेनं. माझा प्रश्न होता की शाहू महाराजांनी आपल्या तालमीला काही दिलं होतं का. अध्यक्षांना तेवढंच हवं होतं. महाराज १८९४ ला गादीवर आले, स्वतः मातीत उतरणारे, पैलवानांना दरबारातनं खुराक देणारे. १९०२ च्या विलायतवारीत रोमचं ते गोल मैदान बघून आले आणि १९१२ पर्यंत खासबाग उभं केलं. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही आणि हौद तळहातावर असल्यासारखा दिसतो. अशा राजाच्या हातची एखादी वीट तरी आपल्या भिंतीत असावी, असं कोल्हापुरात कुणाला वाटत नाही?

तात्या म्हणाले, "म्हाराजांचं मला ठावं न्हाई. दूध कोन देत हुतं त्ये सांगतो." आणि पेठेतल्या एका गवळ्याच्या घराण्याचं नाव त्यांनी घेतलं.

तेव्हा मला हे बोलणं भरकटल्यासारखं वाटलं. मी वहीत 'दूध' असा एक शब्द टिपला आणि त्याखाली रेघ मारली. आता वाटतं, माझ्या सगळ्या खटाटोपात कामाचा शब्द तेवढाच होता.

मध्ये फोटोंचं प्रकरण झालं. आमच्या तालमीत हौदाच्या वर एक फोटो आहे. मधोमध फेटेवाले, भारदस्त, खुर्चीत बसलेले गृहस्थ, दोन्ही बाजूंना लांग घातलेले अकरा पैलवान, पुढं जमिनीवर दांडपट्टे आडवे ठेवलेले. खाली चिकटवलेली पट्टी: 'राजर्षी शाहू महाराज तालमीस भेट देताना'. दसऱ्याला शस्त्रपूजन झालं की या फोटोला हार घालायचा, हा शिरस्ता. स्कॅन करायला म्हणून फ्रेम उघडली आणि पुठ्ठ्यामागं स्टुडिओचा शिक्का निघाला. १९३८. महाराज ६ मे १९२२ ला गेले.

दोन दिवस मी कुणाला बोललो नाही. मग अध्यक्षांना बोललो. ते बराच वेळ फोटोकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मग इतकी वर्सं आपन हार घातला कुनाला?"

ते शोधायला दोन महिने गेले. फोटो मोबाईलवर घेऊन पेठेपेठेत फिरलो. प्रत्येक ठिकाणी चहा, आणि प्रत्येक तालमीत एकच वाक्य: खंचनाळे आमच्याच हौदात तयार झाले. श्रीपती खंचनाळे म्हणजे १९५९ चे पहिले हिंदकेसरी, आणि ते शाहूपुरी तालमीचे हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण एखाद्या दिवशी येऊन चार जोड खेळून गेले असतील तर त्या हौदाचा हक्क संपत नाही! आंदळकरांचंही तेच. ते १९६० चे हिंदकेसरी, मोतीबागेचे. खाशाबा जाधवांवर तर कराडपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांचा दावा. हेलसिंकीला १९५२ साली कांस्यपदक आणणारा माणूस राजाराम कॉलेजात शिकला आणि त्याला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, ही गोष्ट मला त्या दोन महिन्यांत नऊ जणांनी सांगितली. ती खरी आहे. पण मी हिशेबनीस, माझ्या डोक्यात दर वेळी तेच अडकायचं: पैसे कुणी दिले हे लोकांच्या बरोब्बर लक्षात राहतं.

फोटोतल्या माणसाची ओळख पटवली ती शाहूपुरीतल्या एका जुन्या गुळाच्या अडतदुकानातल्या म्हाताऱ्या मुनिमानं. मोबाईल नाकाशी धरून तो हसला. "हे आमचे थोरले मालक. ह्यांना कुस्तीतलं काही कळत नव्हतं. पण पैलवान दुकानी आला की गुळाची ढेप देऊन पाठवायचे." म्हणजे राजा नव्हे, अडत्या. शाहूपुरीची पेठ वसवली महाराजांनीच, १८९५ मध्ये. तेवढं एक नातं मी अध्यक्षांना सांगून बघितलं. त्यांचं समाधान झालं नाही.

आणि मग मला ते 'दूध' आठवलं.

गवळ्याचं घर आमच्या तालमीपासून दोन गल्ल्या वर आहे, चढावर. पूर तिथवर पोचत नाही. आता म्हशी दोनच राहिल्यात, पण नातू पहाटे त्या घेऊन दूध कट्ट्यावर उभा असतो. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगायला हवं: आमच्याकडं रस्त्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ दूध ग्लासात देतात आणि माणूस ते तिथंच उभ्यानं पितो. पैलवानांची ही जुनी चाल. तालमीत माती उकरून, जोर-बैठका मारून, दोन-चार जोड खेळून निघायचं ते सरळ धारेखाली. पैसे महिन्याला. म्हणजे उधारी. आणि जिथं उधारी तिथं वही असते. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

नातू म्हणाला, माळ्यावर आहेत जुन्या वह्या, आजीनं टाकू दिल्या नाहीत. त्या काढताना शिडी मोडली, त्याचे पैसे मी दिले. सात वह्या निघाल्या, लाल कापडाच्या वेष्टणातल्या, लांबट. सगळ्या मोडीत. मला मोडी येत नाही. एका निवृत्त शिक्षकांना गाठलं. ते म्हणाले, "मी सरकारी मोडी वाचतो, गवळ्याची मोडी ही वेगळी भाषा आहे." तरी बसले. दर गुरुवारी संध्याकाळी, चार महिने.

सर्वांत जुन्या वहीचं पहिलं पान त्यांनी वाचलं तो गुरुवार मी विसरणार नाही. 'शके १८४५ रुधिरोद्गारी नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध प्रतिपदा.' दिवाळीचा पाडवा, नोव्हेंबर १९२३. आणि आत बाविसाव्या पानावर आमची तालीम. नाव नाही, नुसतं 'हौदवाले', आणि कंसात आमच्या पेठेचं नाव. त्याखाली पैलवान.

पैलवानांनाही नावं नव्हती. गवळी त्यांना ज्या नावानं ओळखत होता तेच त्यानं लिहिलं होतं: उंच. कागलचा. मुरगूडचा. निपाणीचा. डाव्या हाताचा. नवा पोरगा. समोर रोजचं दूध, शेरात. उंचाला दोन शेर, नव्या पोराला पाव. आषाढात कागलचा गायब, दोन महिने कोरे; पेरणीला गावी गेला असणार. पुढं नव्या पोराचा पाव शेर अर्ध्यावर गेलेला आणि काही पानांनी 'नवा' खोडून 'शाहूवाडीचा' लिहिलेलं. म्हणजे टिकला. ज्या पोराला आता कुणी ओळखत नाही तो वाढताना मी बघितला, पाव शेरावरनं दीड शेरावर. शिक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पैसे कुठनं येत होते तेही होतं. 'हस्ते' म्हणून प्रत्येक जमेसमोर नोंद. कधी 'हस्ते स्वतः', कधी 'हस्ते गावचा पाटील', आणि वरचेवर 'हस्ते अडत दुकान, शाहूपुरी'. फोटोतले फेटेवाले. गेले कित्येक दसरे आम्ही ज्याला हार घातला, तो माणूस चुकीचा नव्हता. पट्टी चुकीची होती.

या एका वहीनं माझ्या डोक्यातलं पान उलटलं. तोवर मी तालमीचा इतिहास म्हणजे वस्तादांची यादी आणि गदांची यादी असं समजत होतो. पण वस्ताद जागेवर असताना तालमी बंद पडल्या आणि दूध होतं तिथं वस्ताद आपोआप आले. दरबार होता तोवर दरबाराचं दूध. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ते आटलं. मग पेठेची वर्गणी, मग साखर कारखान्यांचं मानधन. आज आमच्या हौदात चार पोरं उतरतात आणि चौघांचे बाप त्यांचा खुराक स्वतःच्या खिशातनं करतात. बदाम काय भावानं आहेत ते ठाऊक असेलच. कुणी मला 'पोरांना मोबाईल लागला म्हणून तालमी ओस पडल्या' असं सांगायला लागलं, की मी आता विचारतो, तुम्ही शेवटचं दूध कुणाला पाजलं?

मी स्वतःही काही फार दिवे लावले नाहीत. लहानपणी वस्तादांकडं दांडपट्टा शिकलो. नऊ वर्षांचा असताना तळहातावर लिंबू ठेवून उभा राहिलो आणि वस्तादांनी पट्ट्यानं त्याचे दोन केले. हात हलला नाही, कारण पट्ट्यापेक्षा वस्तादांची भीती मोठी होती. पट्टा शिकताना पहिले सहा महिने हातात पट्टाच देत नाहीत, नुसते पवित्रे. त्याचं कारण खोबळ्यात हात घातल्यावर कळतं: कोपरापर्यंत लोखंड, मनगट वळतच नाही, जे काही करायचं ते खांद्यानं आणि पायानं. पण आठवीत शाळेच्या हॉलमध्ये कराटेचा क्लास निघाला. ब्रूस लीचं वेड, पांढरा ड्रेस, दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि नवा पट्टा, तोही कमरेला. मी तिकडं गेलो. वस्ताद काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "सर्टिफिकेट मिळतंय व्हय? बरं हाय." माझी ती ऑरेंज बेल्टपर्यंतची सर्टिफिकेटं आजही फाईलला आहेत. वस्तादांनी चाळीस वर्षं शिकवलं, त्याचा एक चिटोराही नाही.

त्यांचा पट्टा मात्र आहे, आणि आता तो मुली फिरवतात. अकरा जणी. आमच्या लहानपणी मारुतीसमोर बायकांनी यायचं नाही असा नेम होता. तो कधी मोडला, कुणी मोडला, याचीही कुठं नोंद नाही. हलगी-घुमकं वाजायला लागलं आणि पोरी अंगणात उतरल्या एवढंच. २०२४ ला सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला तेव्हा त्यातल्या एकीनं मला विचारलं, "काका, मग आता आम्हाला सरकार दूध देणार का?" तिला वहीचं काहीच माहीत नव्हतं.

तारखेचं भांडण मात्र मिटायला तयार नव्हतं. १९२३ हा आकडा बैठकीत ठेवल्यावर अध्यक्षांचा चेहरा पडला. महाराज गेल्यानंतर दीड वर्ष! एकजण म्हणाला, वही दाखवूच नका. मी पान परत उघडलं आणि पहिली ओळ वाचून दाखवली, जी शिक्षकांनी वाचली तेव्हा माझ्याही नजरेतनं सुटली होती. 'मागील वहीवरून बाकी आणली.'

हिशेबनीसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आधीची वही होती. त्यात हौदवाले होते. आणि त्यांच्याकडं थकबाकीही होती, म्हणजे चांगले जुने गिऱ्हाईक. अध्यक्ष उठून उभे राहिले. "मग म्हाराज असताना तालीम हुतीच!" होतीच. महाराज आले होते का, ते वेगळं. स्मरणिकेवर 'स्थापना : शके १८४५ च्या पूर्वी' असं छापायचं ठरलं. दारावरचा १९०५ तसाच आहे. पेंटरला पुसायला सांगायची जबाबदारी कुणीच घेतली नाही, मीही नाही.

एक गोष्ट राहिली होती. त्या खात्याच्या शेवटच्या पानावर बाकी होती: ४१ रुपये ६ आणे. नातवानं ती पहिल्याच दिवशी बोट ठेवून दाखवली होती. "काका, ह्येचं काय?" मी म्हटलं, ती पुढच्या वहीवर ओढली असेल आणि फिटलीही असेल. "मग पुढची वही दावा," तो म्हणाला. पुढची वही सातांत नव्हती.

दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या दिवशी स्मरणिका निघाली. फोटोखालची पट्टी बदलली होती. पट्ट्यांशेजारी पाटावर ती लाल वही ठेवली आणि गवळ्याच्या नातवाला पहिला नारळ दिला. मग खजिनदारांनी माईकवर थकबाकी जाहीर केली आणि पाकीट पुढं केलं. आत ४२ रुपये होते, कारण सहा आणे आता आणायचे कुठनं?

नातवानं पैसे मोजले. खिशातलं बॉलपेन काढलं, पाटावरनं वही उचलली आणि मोडीच्या शेवटच्या ओळीखाली बाळबोधीत लिहिलं, 'जमा ४२'. तारीख घातली. मग बोटांवर काहीतरी मोजत थांबला.

"काका, धा आणे जादा आल्यात. आता मीच तुमचं देनं लागतो."